दिवा बरोबर, आवाज गायब

आमच्या ताईचा मुलगा यंदा दहावीत आहे आणि तरीही गिटारच्या नादाला लागलाय. मंडळाच्या गणपतीत मुलांचा वाद्यवृंद होता. त्यातल्या एका गाण्यात त्याला ‘फझ’ हवा होता. फझ म्हणजे तार छेडली की घसा बसल्यासारखा, फाटका आवाज येतो ना, तो. तयार पेडलची किंमत ऐकून ताईने हात जोडले. मग मामाने, म्हणजे अस्मादिकांनी, जाहीर केलं, “घरीच करू की!” बी.ई. झाल्यापासून मी कीबोर्डच बडवतोय, सोल्डरिंग आयर्न कित्येक वर्षांत हातात धरलं नव्हतं. पण बोलून बसलो होतो.

गंमत म्हणजे हा फझ जन्मालाच आला बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला. १९६१ साली गाणं गाजलं आणि १९६२मध्ये असा आवाज काढणारी डबीच बाजारात आली. आम्ही निवडलेलं सर्किट १९६६च्या ‘फझ फेस’चं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करायच्या दोन खुंट्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी. एवढ्यात काय चुकणार?

सर्किट पहिल्या झटक्यात चाललं. चुकलं ते स्विचपाशी.

हा स्विच पायाने दाबायचा असतो. एकदा दाबला की गिटारचा आवाज सर्किटमधून जातो, पुन्हा दाबला की सर्किटला वळसा घालून थेट बाहेर. आपल्या बडोद्यात न शिरता ट्रक हायवेने बाहेरच्या बाहेर जातात तसं. म्हणूनच त्याला बायपास म्हणतात. स्विचच्या खाली नऊ पाय असतात, तीन-तीनच्या तीन रांगा. प्रत्येक रांगेतला मधला पाय कधी वरच्याला जोडला जातो, कधी खालच्याला. पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला गिटारकडून येणारी वायर, दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायाला ॲम्प्लिफायरकडे जाणारी. दोघांचे वरचे पाय सर्किटकडे, आणि खालचे पाय एका बोटभर वायरने एकमेकांना जोडलेले. तिसरी रांग फक्त लाल दिव्यासाठी.

आमचा प्रकार असा, की दिवा लागला की फझ झकास. दिवा विझला की साधी गिटार ऐकू यायला हवी, तर नुसती शांतता. कार्यक्रम पुढच्या शनिवारी.

आता ती बोटभर वायर जोडली होती भाच्याने. मी तिच्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. “तुझा जोड कच्चा आहे. हात थरथरतो तर सांगायचं ना, मी केलं असतं.” तो म्हणाला, “मामा, मी नीट केलंय.” मी ऐकलं नाही. त्याचे दोन्ही जोड पुन्हा तापवले, एकदा नाही, दोनदा. फरक शून्य. तो गप्प बसून राहिला आणि थोड्या वेळाने सायकल काढून घरी गेला. रात्री ताईचा फोन. “काय बोललास रे त्याला? जेवला नाही तो.”

मग मीटर काढला. खरं तर हे आधी करायचं असतं. ऑफिसात नव्या मुलांना मीच सांगत असतो की अंदाजाने कोड बदलू नका, आधी लॉग बघा. बॅटरी काढली, केबल काढल्या, मीटर ‘पीं’ वाजायच्या खुणेवर ठेवला. भाच्याची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठणठणीत. पहिली रांग, मधला ते खालचा, पीं. दुसरी रांग, मधला ते खालचा, काही नाही. स्विच दाबून मधला ते वरचा, पीं. म्हणजे वायर निर्दोष, आणि स्विचच दुसऱ्या रांगेत आतून अर्धा मेलेला. दिव्याची रांग वेगळी असल्याने तो इमानाने लागत-विझत होता. मी मात्र दिवा बघून स्विचला साफ सोडून दिलं होतं!

स्विचचे पत्र्याचे कान उचकटून आत पाहिलं. प्लास्टिक मऊ होऊन तो खालचा पाय तिरका झाला होता, आतली सी-सॉसारखी पट्टी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. अशा पायावर आयर्नचं टोक दोन-तीन सेकंदांच्या वर ठेवायचं नसतं. मग एवढा तापवला कोणी? भाच्याचे जोड मी दोनदा तापवले हे खरं, पण बिघाड त्याच्या आधीचा होता.

सकाळी ताईकडे गेलो. तो दप्तर भरत होता. म्हटलं, “वायर तुझी बरोबर होती. स्विच गेलाय, दुसऱ्या रांगेतला खालचा पाय.” त्याने क्षणभर आठवलं. “मामा, ॲम्प्लिफायरची वायर आधी तू चुकून तिथेच लावली होतीस ना? मग काढून परत मधल्या पायाला लावलीस.”

लावली होती. आणि सोल्डर सुटेना म्हणून बराच वेळ आयर्न दाबून धरलं होतं. मी “चुकलो” म्हटलं. तो “ठीक आहे” म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

नवा स्विच मागवला, तो बुधवारी आला. या वेळी सगळे जोड त्याने केले. प्रत्येक जोडाला मोठ्याने “एक, दोन, तीन” म्हणायचा आणि आयर्न उचलायचा, पुढच्या पायाआधी आधीचा गार होऊ द्यायचा. मला टॉर्च धरायचं काम होतं. मध्ये एकदा “थोडं अजून ठेव” म्हणालो, तर “मामा, तू टॉर्च धर” असं उत्तर मिळालं.

शनिवारी गाण्याच्या मध्यावर त्याने पाय मारला, दिवा विझला आणि साधी, स्वच्छ गिटार ऐकू आली. शेजारी बसलेल्या ताईला काही कळलं नाही. मी मात्र जोरात टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं, कारण गाणं अजून चालूच होतं.