गर्भवतीच्या व्यायामाला जबाबदार कोण?

पुण्या-मुंबईच्या जिममधून गर्भवती स्त्रियांना व्यायाम शिकविला जाऊ लागला आहे, ही घटना मुळात स्वागतार्ह होय. गरोदर बाईने हालचाल टाळावी ही समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच मोडीत काढली. वैद्यकीय अडथळा नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. प्रश्न उभा राहतो तो शिकविणाऱ्याच्या पात्रतेचा.

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. रिक्षा चालविणाऱ्याला परवाना आणि बिल्ला लागतो. जिममधील ट्रेनरला मात्र कायद्याने असे काहीच सक्तीचे नाही. अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रेही आहेत, पण सारा मामला ऐच्छिक. कमावलेले दंड हीच पुष्कळदा पात्रता! आणि गर्भवतीचे शरीर तर निराळी सावधगिरी मागते. पहिल्या तीन महिन्यांनंतर तिला उताणे निजवून व्यायाम देणे टाळावे लागते, कारण वाढत्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. तिचे सांधे सैलावलेले असतात, शरीराचा तोल बदललेला असतो. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल किंवा रक्तदाब चढलेला असेल, तर तिला आधी डॉक्टरांकडे धाडले पाहिजे. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, पोटरीची सूज यांपैकी काहीही दिसताच व्यायाम थांबविला पाहिजे. हे ज्याला कुणी शिकविलेच नाही, त्याच्या हाती दोन जीव सोपविले जात आहेत. ब्रिटनमध्ये या कामासाठी स्वतंत्र व्यावसायिक मानक ठरविलेले आहे.

ट्रेनरला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. पण तोही बहुधा तुटपुंज्या पगारावर आणि कमिशनवर राबणारा कामगारच. वर्गाची जाहिरात मालक करतो, शुल्कही तोच घेतो. शिक्षणाचा खर्च मात्र ट्रेनरने पदरमोड करून भागवायचा. ही व्यवस्था उलटी केली पाहिजे. गर्भवतींना प्रवेश देणाऱ्या जिमच्या मालकाने ट्रेनरचे विशेष प्रशिक्षण स्वखर्चाने करून द्यावे, त्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे, आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून नाव नोंदवू नये, असा नियम राज्य शासनाने करावा.

सातव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला अर्थातच व्यायामाची नव्हे, विश्रांतीची आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी आहे. शहरातील शिवणयंत्रावर किंवा संगणकापुढे दिवसभर बसणाऱ्या गर्भवतीला मात्र जिमचे शुल्क परवडो न परवडो, व्यायाम हवाच. तिच्यासाठी महापालिकांच्या प्रसूतिगृहांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मोफत वर्ग सुरू करावेत, आणि जिममधील ट्रेनरांनाही तेथेच शिकू द्यावे.