मृगाच्या अंगणातले लहानथोर

बालमित्रांनो, डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. एका रेषेत तीन ठळक तारे दिसतील. हाच मृगाच्या पोटात घुसलेला बाण! तारा कसा जन्मतो, म्हातारा होतो आणि विझतो, हे सगळं या एवढ्याशा जागेत पाहायला मिळतं बरं का.

बाणाच्या उजवीकडे एक धुरकट ठिपका आहे. तो म्हणजे वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग, मृगातला तेजोमेघ. ताऱ्यांचा पाळणाच म्हणा ना! ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो. गाभा तापत तापत सुमारे एक कोटी अंशांवर गेला, की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो.

आता बाणाच्या डावीकडे पाहा. तो तांबूस तारा काक्षी. हा आहे म्हातारा, फुगलेला तारा. सूर्याच्या जागी ठेवला, तर मंगळापर्यंतचे सगळे ग्रह गिळून टाकील! पण गंमत अशी, की याचं वय जेमतेम एक कोटी वर्षं आणि आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा. मग धाकटा आधी म्हातारा कसा झाला? चुलीत जाळ मोठा केला, की लाकडं भराभर संपतात ना? तसंच आहे हे. जड तारा आपलं इंधन उधळतो.

2019-20 मध्ये काक्षी एकदम मंद झाला. ‘आता फुटणार!’ असं अनेकांना वाटलं. पण धुळीचा ढग आड आला होता, असं नंतर कळलं. तो फुटणार हे नक्की, मात्र त्याला अजून लाखभर वर्षंही लागतील.

बाणाची रेघ खाली वाढवली, की लखलखीत व्याध सापडतो. त्याचा एक जोडीदार आहे, तो दुर्बिणीतून 1862 साली प्रथम दिसला. हा श्वेत बटू, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याचा गाभा. आकार पृथ्वीएवढा, वजन मात्र जवळजवळ सूर्याएवढं!

“बाई, आपला सूर्यपण विझेल?” असं वर्गात मुलं हमखास विचारतात. हो, विझेल. पण तो फुटणार नाही. सुमारे 500 कोटी वर्षांनी तो फुगेल आणि मग श्वेत बटू होईल. तेव्हा आज निवांत झोपा!

आणि हो, तुमच्या रक्तातलं लोह आहे ना, तेही फार पूर्वी मेलेल्या ताऱ्यांमध्येच तयार झालंय. मग सांगा, आकाशातले ते तारे आपले कोण लागतात?