साडेबारा टक्के आणि एकच आमदार

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) एकच आमदार निवडून आला, तोही सांगोल्यातून. तेव्हापासून एक जुना युक्तिवाद नव्या जोमाने ऐकू येतो: शेकापला मत म्हणजे वाया गेलेलं मत. सत्ता मिळणारच नाही, तर यांच्या कल्याणकारी धोरणाचं लोणचं घालायचं का?

असं म्हणणाऱ्यांनी पनवेल-उरणला जाऊन यावं. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शेकापचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले आणि जानेवारी १९८४मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. हिशेब असा: एकरभर जमीन गेली की ४० गुंठ्यांचे ५ गुंठे विकसित भूखंड म्हणून परत. त्यातले दीड गुंठे सार्वजनिक सुविधांसाठी कापायचे, हाती साडेतीन. थोडेच, पण शहराच्या भावातले!

यावर म्हणतात, योजना काँग्रेस सरकारने दिली, शेकापने नव्हे. सही सरकारचीच होती, मान्य. रोजगार हमीचं श्रेयही शेकापवाल्यांनी ओढू नये. ती कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची. पण साडेबारा टक्के कुठल्या मंत्र्याला आपणहून सुचले नव्हते.

दुसरा आक्षेप, लोकांनी भूखंड बिल्डरांना विकून पैसा उडवला. काहींनी उडवलाही. पण दादरचा माणूस फ्लॅट विकतो तेव्हा तो व्यवहारी, आणि उरणच्या आगऱ्याने भूखंड विकला की उधळ्या, हा कुठला न्याय?

आता सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेशी तुलना करा. लाडक्या बहिणीच्या खात्यात १५०० रुपये येतात. येऊ देत, गरज आहेच. पण निकष बदलला की यादीतून नाव जातं. साडेबारा टक्के ही देणगी नव्हे, गेलेल्या जमिनीचं देणं आहे. रखडलं तर वारसही मागू शकतात. छोट्या पक्षाने सरकारकडून काढून घ्यावं ते असं.

शेकापवर खरा आरोप वेगळाच आहे आणि तो विरोधक करत नाहीत. जमीनमालकाला भूखंड मिळाला. मिठागरावर राबणाऱ्या मजुराच्या हाती फारच थोडं आलं. पक्षाच्या नावात ‘कामगार’ आहे ना? नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, योग्यच केलं. तेवढीच गर्दी या मजुरांच्या वाट्यासाठीही जमवून दाखवा.