मंडळीच्या कुंपणाबाहेरची सेवा
(द्वितीय वर्ष, कला)

ख्रिस्ती माणूस म्हटला की आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चर्चचा मनोरा आणि नाताळचा केक एवढेच येते. त्या मनोऱ्याखाली जो समाज जमतो त्याला आम्ही 'मंडळी' म्हणतो. तिला पाळक असतो, पंच असतात, बाप्तिस्म्याची व लग्नाची नोंदवही असते आणि गावाबाहेर एक दफनभूमी असते. पण या मंडळीच्या कुंपणाबाहेरही ख्रिस्ताच्या नावाने काम करणाऱ्या स्वतंत्र संस्था पुष्कळ आहेत. कुणी वसतिगृह चालवते, कुणी दवाखाना, कुणी नुसत्याच प्रार्थनासभा भरवते. त्यांचे आणि मंडळीचे नाते कसे असावे, याबद्दल आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, "हे लोक आमची मेंढरे पळवतात." दुसरा म्हणतो, "तुमच्या मंडळीत जीवच उरलेला नाही." मला ही दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात.

हा प्रश्न आजचा नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण कोणत्याही एका पंथाच्या दावणीला स्वतःला बांधून घेतले नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि त्यांच्यासाठी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. (आमच्या नगरजवळचे केडगाव ते हे नव्हे.) मोठ्या मिशनांनीही त्या काळात अनाथालये काढली, पण एखाद्या गावच्या मंडळीची तेवढी ऐपत कुठली? पंचांच्या बैठकीत तसा ठराव मंजूर होईपर्यंत पुढचा दुष्काळ उजाडला असता! केडगावात मुली विणकाम शिकल्या, शेती करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये बाहेर पडले.

तथापि, रमाबाई स्वतंत्र होत्या याचा अर्थ त्यांना विचारणारे कोणी नव्हते असा नव्हे. शारदा सदनाला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे पत्करणारे रमाबाई असोसिएशन १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला स्थापन झाले होते, आणि त्याच्यापुढे कामाचा व पैशाचा हिशेब ठेवावा लागे. १८९३ मध्ये सदनातील धर्मशिक्षणावरून पुण्यात वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला एवढेच दिसते की रमाबाईंना जाब विचारता येत होता.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट निराळी. मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या भाषेत गाता यावे म्हणून झटलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, ही कल्पना त्या काळी भल्याभल्यांना पेलणारी नव्हती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबारही मागे पडला. पण त्यांची पदे? ती आजही आमच्या 'उपासना संगीत'मध्ये आहेत. मिशन सोडून गेलेल्या माणसाची पदे साक्षरांनी पुस्तकातून आणि निरक्षरांनी तोंडपाठ करून जपली, ती मंडळीनेच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण टिळकांची कितीतरी पदे तिला येतात.

आता आमच्या गावाबद्दल. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला. एका खोलीत सहा माणसे, तिथे अभ्यास कसा होणार? अशा वेळी एका स्वतंत्र संस्थेने शेजारच्या वाडीत संध्याकाळची अभ्यासिका काढली. बारावीपर्यंत मी तिथेच बसले. तिथल्या ताईंनी परीक्षेची फीसुद्धा एकदा भरली. हे उपकार मी विसरणार नाही. मंडळीतील वडीलधारे या लोकांना नावे ठेवतात तेव्हा मला विचारावेसे वाटते, "काका, आम्ही पोरे कुठे अभ्यास करतो हे तुम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलेत?" पंचांची निवडणूक आणि जागेचे भांडण यातून त्यांना सवडच मिळाली नाही.

पण त्याच संस्थेने दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी दहाला, म्हणजे नेमक्या उपासनेच्या वेळी, ध्वनिक्षेपक लावून प्रार्थनासभा सुरू केली. चाळीस घरांच्या मंडळीतली निम्मी बाके रिकामी झाली. सभेचे फोटो काढले जातात. ते कुठे जातात, त्यावर पैसा किती येतो, हे वाडीत कोणालाच ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यात सभेला नेमाने जाणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या. सभेची माणसे आली, रडली, गायली. पण माती कुठे द्यायची? दफनभूमी मंडळीची. खड्डा मंडळीतल्या पोरांनी खणला, आणि पाच गावे सांभाळणारे पाळकसाहेब एस.टी.ने भिजत आले. बाईंनी मंडळी का सोडली, असे त्यांनी कोणालाही विचारले नाही.

म्हणून मला वाटते, सेवा कुंपणाबाहेरची असावी, पण तिने कुंपण मोडू नये. आठवड्याचे उरलेले सहा दिवस मोकळे असताना रविवारचे दहाच कशाला हवेत? आणि ज्या वाडीच्या नावाने पैसा येतो, त्या वाडीला वर्षातून एकदा मराठीतून हिशेब वाचून दाखवायला काय हरकत आहे? रमाबाईंना सातासमुद्रापलीकडे हिशेब द्यावा लागे, इथे तर चावडीपर्यंत चालायचे आहे. मात्र मंडळीनेही 'मेंढरे पळवली' म्हणून गळा काढण्याआधी आपल्या दाराकडे पाहावे. आमचे चर्च रविवारी दोन तास उघडे असते. बाकी आठवडाभर कुलूप. आत वीज आहे, बाके आहेत, पंखासुद्धा आहे. संध्याकाळी तिथे अभ्यासिका भरवू द्यावी, आणि वाडीतल्या ताईंना शिकवायला बोलवावे, असा अर्ज आम्ही सात मुलामुलींनी दिवाळीत पंचांकडे दिला आहे. पाळकसाहेबांची सही त्यावर पहिली आहे. किल्ली खजिनदारांकडे असते. त्यांनी अर्ज पुढल्या बैठकीत घेतो म्हणून सांगितले आहे.