पाय वर करा, पण माणूस बघून

कुणी कोसळला की चौघे धावतात आणि पाचवा लांबूनच ओरडतो, "टाँगें ऊपर करो!" पुणे असो, जैसलमेर असो की लेह, फौजेत हा आवाज सगळीकडे सारखाच. माझं भांडण या उपायाशी नाही, तो डोळे मिटून वापरण्याशी आहे.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. परेडवर बराच वेळ सावधानमध्ये उभा असलेला जवान पडतो, कारण पोटऱ्या हलत नाहीत आणि रक्त वर ढकललं जात नाही. ते पायात साठतं, हृदयाकडे कमी परततं, मेंदूला कमी पोचतं. त्याला आडवा करून पाय फूटभर उचलले, की साधारण ३०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं. हृदय जास्त भरतं, जास्त ताणलं जातं आणि पुढचा ठोका जोरात देतं. आयसीयूमध्ये डॉक्टर याच युक्तीने पेशंटला आणखी सलाइनचा फायदा होईल का, ते पाहतात. पण परिणाम मिनिटभरात दिसतो आणि लवकरच ओसरू लागतो. ही उसनवारी आहे, कमाई नाही. जखमेतून रक्त वाहत असेल तर पाय उचलण्याआधी जखम दाबायची.

आता लडाखला चला. जवान धापा टाकतोय, खोकतोय, ओठ निळसर झालेत. हा हेपो आहे, फुप्फुसात पाणी भरतंय. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी, १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या आजारावर लिहिलं. इथे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब आधीच चढलेला असतो. पाय वर करून तुम्ही त्याच फुप्फुसाकडे आणखी रक्त ढकलता. या गड्याला बसवायचं, ऑक्सिजन द्यायचा आणि लवकरात लवकर खाली उतरवायचं.

निवृत्त मित्रांनो, हे तुमच्या घरालाही लागू आहे. हृदय कमजोर असलेल्याला रात्री धाप लागली, तर पायाखाली उशा रचू नका. उठवून बसवा, पाय खाली सोडा, अॅम्ब्युलन्स बोलवा.

"जवानाला सोपा नियम हवा, साहेब," असं मला ऐकवलं जातं. जवानाला कमी लेखणारं हे वाक्य मला मान्य नाही. रायफल अडली तर काय अडलंय ते आधी बघायचं, हे तो रंगरूट असतानाच शिकतो. मग पडलेल्या माणसाबाबत दोन प्रश्न विचारणं त्याला जड का जावं? धाप लागली आहे का? डोक्याला, मणक्याला किंवा पायाला मार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल आणि माणूस नुसता चक्कर येऊन पडला असेल, तर खुशाल पाय उचला.

फर्स्ट एडच्या क्लासमध्ये हे दोन प्रश्न आधी शिकवा, पाय उचलणं नंतर. वेळ पाच मिनिटं जास्त लागेल. तेवढी आपल्याकडे आहे.