निवृत्तिनाथांचा शोक आणि आपली सोय

नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पण त्यांतील सर्वांत अडचणीची गोष्ट बहुतेकांनी वळसा घालून टाळली आहे. शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीत ज्ञानदेव समाधिस्थ होतात आणि निवृत्तिनाथ कोलमडून पडतात. हा शोक कोणा अज्ञ संसारी माणसाचा नाही. ज्ञानी माणूस गेलेल्यांसाठी शोक करीत नाही, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सूत्र ज्या ग्रंथाने मराठीत उलगडून दाखविले, त्याचे सारे श्रेय ज्ञानदेवांनी ज्या गुरूच्या पायी वाहिले, तेच हे गुरू. आईबाप सोडून गेले तेव्हाही असा प्रसंग ओढवला नव्हता, असे ते म्हणतात. म्हणजे ज्ञान होण्यापूर्वीच्या दुःखापेक्षा ज्ञानानंतरचे दुःख मोठे.

या विसंगतीचे काय करावयाचे? सांप्रदायिक विवरणात तिचे उत्तर तयार असते: हा शोक खरा नव्हे, ती लीला. श्रद्धेच्या दृष्टीने ते ठीकच आहे. विद्यापीठीय समीक्षेची पळवाट मात्र अधिक सुसंस्कृत आणि म्हणूनच अधिक घातक आहे. ती शोकाला श्रद्धेच्या जिन्याची पायरी करून टाकते. गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या व्याकुळतेला ‘आत्म्याची काळरात्र’ ही ख्रिस्ती गूढवादातील संकल्पना लावली. त्यांची व्युत्पन्नता वादातीत आहे. परंतु त्यांच्यामागून आलेल्यांनी रात्र म्हटली की पहाट गृहीत धरण्याची सवयच लावून घेतली. संतकवितेत कोठेही हुंदका ऐकू आला की आमचे अभ्यासक पुढच्या साक्षात्काराची वाट पाहू लागतात. समाधीच्या अभंगांत अशी पहाट होतच नाही. आळंदीनंतर सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताबाई आणि अखेर त्र्यंबकेश्वरी स्वतः निवृत्तिनाथ. निरोपामागून निरोप येत राहतो.

रसचर्चेनेही येथे फारसे हाती लागत नाही. भरताने करुणाला निरपेक्ष आणि विप्रलंभाला सापेक्ष म्हटले. एकात पुनर्भेटीची आशा उरलेली नसते, दुसऱ्यात असते. संजीवन समाधी या कल्पनेने हा भेदच निकामी केला आहे. ज्ञानदेव गेलेले नाहीत, ही श्रद्धा. ते पुन्हा दिसणार नाहीत, हे सत्य. निवृत्तिनाथ दोन्ही जाणतात. विश्वनाथाचा ‘करुणविप्रलंभ’ कोणी पुढे करील, तर तो शृंगाराचा प्रकार आहे आणि त्यास याच जन्मीच्या पुनर्मीलनाची अपेक्षा लागते, हे आठवावे. तरीही ‘करुणरसाचा उत्कट आविष्कार’ हे शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे वाहत आहेत. (ते तेथे कोठून आले, हे आपणा प्राध्यापकांना ठाऊक आहे.)

माझ्या मते या अभंगांची किल्ली एका साध्या तपशिलात आहे. समाधीकडे निघालेल्या ज्ञानदेवांचा एक हात देवाने धरला आहे आणि दुसरा निवृत्तिनाथांनी. या दृश्यात देव शोकाचे निवारण करीत नाही. तो शोक करणाऱ्याच्या बरोबरीने चालतो. निवृत्तिनाथ देवाला नाकारत नाहीत आणि देवाच्या सान्निध्याने त्यांचे डोळेही कोरडे होत नाहीत. श्रद्धा येथे दुःखावरचा उतारा नाही. ज्याच्या देखत मोकळेपणी कोलमडून पडता येते असा कोणी आहे, एवढाच तिचा अर्थ. निराशेला तिने उत्तर दिलेले नाही, श्रोता दिला आहे. शोक ही पायरी मानली की हा दुसरा हात अभंगातून पुसावा लागतो.

आता शेवटचा आक्षेप. हे अभंग समकालीन नामदेवांचे नाहीत, उत्तरकालीन विष्णुदासनाम्याचे किंवा आणखी कोणाचे असावेत, असे म्हणून काही संशोधक अर्थाचा प्रश्नच मिटवू पाहतात. कर्तृत्वाचा वाद महत्त्वाचा आहेच. परंतु त्यांचे म्हणणे मान्य केले तर माझा मुद्दा दुबळा न होता बळकटच होतो. प्रत्यक्षदर्शीने गुरूचे रडणे नोंदविले असेल तर तो निरुपाय म्हणता येईल. पुढच्या काळातील कवीला असा निरुपाय नव्हता. त्याला निवृत्तिनाथ शांत, निर्विकार, गीतेच्या स्थितप्रज्ञासारखे रंगविणे सहज शक्य होते, सांप्रदायिक सिद्धान्ताला ते सोयीचेही झाले असते. त्याने त्यांना रडविले. संप्रदायानेही ते अभंग वगळले नाहीत. आळंदीत त्याच त्रयोदशीला, नामदेवांच्याच वंशातील नामदास घराण्याकडे समाधीच्या कीर्तनाचा मान ठेवून, ते आजतागायत गायिले जातात.