गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

गेल्या आठवड्यात एक आजोबा दवाखान्यात आले. वय ७४, मधुमेह आहे पण आटोक्यात. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पाय घासत आत आले आणि खुर्चीत बसल्यावर पहिली दोन मिनिटं नुसता दम खात होते. लॉकडाऊनच्या आधी हेच आजोबा रोज सकाळी फिरायला जाऊन, येताना दुधाची पिशवी घेऊन घरी परतायचे. मधल्या काळात त्यांना करोना झाला नाही. पक्षाघात नाही, हाड मोडलेलं नाही. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, गेल्या मार्चपासून बाबा फक्त लस घ्यायला दोनदा खाली उतरले. तुम्हीच म्हणाला होतात ना, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

म्हणालो होतो. मार्च २०२० मध्ये, फोनवर, अगदी ठासून. तेव्हा हाच सल्ला मी कितीतरी ज्येष्ठांना दिला. त्यातला अर्धा बरोबर होता आणि अर्धा चुकीचा. चुकीचा अर्धा भाग जून २०२१ मध्येही अनेक घरांत निष्ठेने पाळला जात होता, म्हणून हे लिहितो आहे.

बरोबर भाग असा: लोकांच्या जवळ जाऊ नका, बंद खोलीत जमू नका, मास्क वापरा. चुकीचा भाग: बाहेर पडूच नका. पहिल्या काही आठवड्यांत विषाणूबद्दल कोणालाच पुरेसं कळत नव्हतं, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण जून २०२१ मध्ये तसं म्हणता येत नव्हतं.

घरात उदबत्ती लावून दारं-खिडक्या बंद करा. वास तासभर तरी खोलीत रेंगाळतो, दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्यालाही येतो. तीच उदबत्ती गच्चीवर लावा, चार पावलांवरच्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. करोनाबाधित माणसाच्या श्वासातून आणि बोलण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण साधारण असेच वागतात. म्हणून मोकळ्या हवेत लागण होण्याची शक्यता बंद जागेपेक्षा खूपच कमी असते. शून्य नसते, हे लक्षात ठेवा. भाजी बाजारातली रेटारेटी किंवा मांडवातली सभा या 'मोकळी हवा' नव्हेत, छप्पर नसलं तरीही. धोका होता तो खेटून उभ्या असलेल्या माणसांचा आणि कोंडलेल्या हवेचा. आपण मात्र रस्त्यालाच आणि झाडालाच घाबरलो.

बाहेर न पडण्याने काय बिघडतं? सगळ्यात आधी उजेडाचा हिशोब पाहू. दिवसा, दिवे लावलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ हवेतही तो हजारो लक्समध्ये जातो आणि भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास. आपले डोळे सरावतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. मेंदूला मात्र जाणवतो. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नसून 'आता दिवस आहे' हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचं असतं. सकाळी हा निरोप नीट पोचला, तर रात्री झोप वेळेवर येते. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत आणि रात्री बारापर्यंत मोबाइलसमोर, असा दिनक्रम झाला की घड्याळ पुढेमागे सरकतं. गेल्या वर्षभरात "झोप येत नाही, चिडचिड होते" म्हणत आलेल्या रुग्णांना मी गोळीच्या आधी एकच प्रश्न विचारतो: काल तुम्ही उजेडात किती वेळ होतात? बहुतेकांना आठवावं लागतं.

ऑस्ट्रियात एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झालेला एक अभ्यास मला फार आवडला. २८६ प्रौढांना २१ दिवस, दिवसातून तीन वेळा मोबाइलवरून विचारलं गेलं: आत्ता तुम्ही घरात आहात की बाहेर, आणि कसं वाटतंय? माणसं बाहेर असताना त्यांना अधिक बरं वाटत होतं. एकटेपणा आणि स्क्रीनसमोरचा वेळ वाढला की मन खालावत होतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर असताना एकटेपणाचा त्रास तितका बोचत नव्हता. एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. परदेशातून रोज व्हिडिओ कॉल करणं चांगलंच आहे, पण "आई, आज खाली जाऊन आलीस का?" हेही त्याच कॉलवर विचारा.

आता शंका काढणारे वाचक म्हणतील, ज्याला बरं वाटतं तोच बाहेर पडतो, त्यात नवल काय? शंका रास्त आहे आणि असे अभ्यास तिचं पूर्ण निरसन करू शकत नाहीत. पण इथे एकाच माणसाची वेगवेगळ्या वेळची नोंद होती, मुळात आनंदी माणसाची दुःखी माणसाशी तुलना नव्हती. शिवाय बाहेर पडणं शक्यच नसलेल्यांचाही एक जुना पुरावा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ दरम्यान पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तशाच दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. संख्या लहान आहे, मान्य. तरी घरातल्या आजारी माणसाची खाट कुठे ठेवायची हे ठरवताना मला तो अभ्यास आठवतो. टीव्हीसमोर नको, खिडकीशी ठेवा.

मुलांचं वेगळंच. चीनमधल्या फेइचेंग शहरात शाळकरी मुलांचे डोळे दरवर्षी तपासले जातात. २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमधलं लघुदृष्टीचं, म्हणजे लांबचं न दिसण्याचं प्रमाण कोणत्याही वर्षी ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये ते २१.५ टक्के आढळलं. ही तपासणी डोळ्यांत थेंब न घालता केलेली होती, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण दिशा स्पष्ट आहे. वाढत्या डोळ्याला बाहेरचा उजेड लागतो. ऑनलाइन शाळा संपल्यावर लगेच ऑनलाइन चित्रकलेच्या वर्गाला बसवण्याऐवजी मुलाला खाली पाठवा. पळू दे.

एक गैरसमज मात्र दूर करतो. "सकाळी सहाचं कोवळं ऊन घेतो, म्हणजे ड जीवनसत्त्व मिळतं" असं बरेच जण सांगतात. त्यासाठी लागणारे किरण इतक्या सकाळी फारच कमी असतात, आणि काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचं थोडं ऊन त्यासाठी उपयोगी. सकाळचं ऊन झोपेसाठी आणि मनासाठी घ्या, ते कारण पुरेसं आहे.

आता नियमांबद्दल. ७ जून २०२१ पासून आपल्या राज्यात जिल्ह्यांचे पाच स्तर झाले होते. तिसऱ्या स्तरात मैदानं आणि फिरणं, सायकल चालवणं यांना सकाळी ५ ते ९ ही वेळ दिली होती. काहीच नसण्यापेक्षा हे नक्कीच बरं होतं. पण चारच तास दिले की सगळं गाव त्याच चार तासांत उतरतं. गर्दी टाळायची असेल तर वेळ वाढवायला हवी, कमी करायला नको. आणि बागेला कुलूप लावण्याचा भुर्दंड कोणाला पडतो? ज्याच्याकडे बाल्कनी, अंगण, शेत आहे त्याला नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात, त्यांना पडतो. आणि त्यांच्यासाठी ती खोलीच बागेपेक्षा जास्त धोक्याची आहे. स्पेनमध्ये २०२० साली मार्चच्या मध्यापासून २६ एप्रिलपर्यंत मुलांना फिरायलासुद्धा बाहेर पडू दिलं नव्हतं. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या कडक लॉकडाऊनमध्येही दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. म्हणजे दुसरा मार्ग होता. पुन्हा अशी लाट आली तर आपल्याकडेही बाजार आणि बाग यांना एकच नियम लावू नये, असं माझं मत आहे.

सरकारचं सोडा, आपल्या सोसायट्यांचं काय? माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांच्या इमारतीची गच्ची वर्षभर कुलूपबंद आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी म्हणतात, "कोणाला काही झालं तर जबाबदारी कोणाची?" तासातासाच्या पाळ्या लावा, मजल्यागणिक वेळ ठरवा, कठड्याजवळ मुलांना एकटं सोडू नका, एवढ्यात भागतं. लेखी परवानगी हवी म्हणत असतील तर हा लेख दाखवा, बघू उपयोग होतो का.

ताप-खोकला असेल, घरात कोणी विलगीकरणात असेल, तर अर्थातच बाहेर पडायचं नाही. एरवी मास्क लावा, माणसांपासून दोन हात लांब राहा आणि गप्पांचा अड्डा जमवू नका. बरेच महिने घरात बसलेल्यांनी पहिल्याच दिवशी जुना पल्ला गाठायला जाऊ नये. स्नायू खरोखर झिजलेले असतात, तोल जाऊन पडण्याची भीती असते. छातीत दुखलं, दम लागला तर थांबा आणि आपल्या डॉक्टरांना कळवा.

आजोबांना मी औषध नवीन काही दिलं नाही. पहिला आठवडा मुलाचा हात धरून फक्त फाटकापर्यंत जायचं आणि तिथल्या गुलमोहराखाली खुर्ची टाकून वीस मिनिटं बसायचं, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. "लिहूनच द्या," ते म्हणाले, "नाहीतर ही सोडायची नाही." परवा मुलाचा फोन आला. आजोबा आता फाटकापर्यंत जातात, पण आजींना वाटतं की पावसाचं बाहेर बसणं बरं नव्हे. मी सांगितलं, छत्री द्या, आणि दुसरी खुर्ची टाका.